बल आणि गतीची गणिते: आकृतीपासून उत्तरापर्यंतचा योग्य क्रम

बल आणि गतीच्या गणितात सूत्र आठवले नाही म्हणून गुण गेले, असे क्वचितच होते. न्यूटनचा दुसरा नियम आणि गतीची तीन समीकरणे नववीतच पाठ झालेली असतात. गुण जातात ते क्रम चुकल्याने. गणित वाचता वाचताच सूत्राचा शोध सुरू होतो, दिसेल ती संख्या त्यात भरली जाते आणि आकृती काढली तर शेवटी, तीही गुणांसाठी. खरे काम आकृतीतच असते. आकृती बरोबर आली की पुढचे बीजगणित आठवी-नववीच्या पातळीचे उरते.

खाली हा क्रम टप्प्याटप्प्याने दिला आहे. पिंपळगाव बसवंतच्या बाजारात टोमॅटोचा भाव २० किलोच्या क्रेटवर बोलला जातो. तेच २० किलोचे क्रेट आपण लेखात पुन्हा पुन्हा घेणार आहोत. वस्तू तीच ठेवली की परिस्थिती बदलल्यावर नेमके काय बदलते ते स्पष्ट दिसते. क्रेट आणि फरशी यांच्यातला स्थितिक (क्रेट थांबलेले असतानाचा) घर्षण गुणांक ०.४ आणि गतिक (ते सरकत असतानाचा) घर्षण गुणांक ०.३ धरू. गुरुत्व त्वरण, म्हणजे जी, हिशेब सोपा व्हावा म्हणून १० मीटर/सेकंद² घेऊ.

तयारी: गणिताला हात लावण्यापूर्वी

बोर्डाच्या परीक्षेत कॅल्क्युलेटर चालत नाही, लॉग टेबल चालते. सीईटीत भौतिकशास्त्र आणि रसायनशास्त्राचे मिळून १०० प्रश्न ९० मिनिटांत सोडवायचे असतात. म्हणून काही किमती तोंडपाठ हव्यात. त्या शोधण्यात वेळ घालवणे परवडत नाही.

साइन ३०° = ०.५, कॉस ३०° = ०.८६६. ४५° ला दोन्ही ०.७०७. ६०° ला ३०° च्या उलट. साइन ३७° साधारण ०.६ आणि कॉस ३७° साधारण ०.८, ५३° ला उलट. स्पर्धा परीक्षांत ३७° आणि ५३° वारंवार दिसतात, ते आकडे सुटसुटीत येतात म्हणूनच.

किलोमीटर प्रतितासाचे मीटर प्रतिसेकंद करायला ५/१८ ने गुणा. ३६ चे १०, ५४ चे १५, ७२ चे २०, ९० चे २५. एवढे चार पाठ असले की बहुतेक काम भागते.

जी ची किंमत गणितात दिली असेल तीच घ्या. दिली नसेल तर बोर्डाच्या पेपरात ९.८ धरा. एका गणितात सुरुवातीला ९.८ आणि शेवटी १० असे कधीही करू नका. पर्यायी प्रश्नांत एवढ्याने चुकीचा पर्याय निवडला जातो.

टप्पा १: वाचा, लिहून काढा, एकके बदला

गणित दोनदा वाचा. पहिल्या वाचनात पेन खाली ठेवा आणि काय घडते आहे एवढेच समजून घ्या: कोण हलतेय, कुठे, कशामुळे. दुसऱ्या वाचनात दिलेली प्रत्येक राशी एककासह डाव्या बाजूला लिहा आणि तिथल्या तिथे एसआय एककात बदला. ग्रॅमचे किलोग्रॅम, सेंटिमीटरचे मीटर, टनाचे किलोग्रॅम. "नंतर बदलू" म्हटलेले एकक शेवटपर्यंत तसेच राहते.

संख्या नसलेले शब्दही माहिती देतात, आणि विद्यार्थी नेमके तेच वगळतात:

"गुळगुळीत पृष्ठभाग" म्हणजे घर्षण शून्य.
"हलकी दोरी" म्हणजे दोरीचे वस्तुमान शून्य, म्हणून तिच्या दोन्ही टोकांना ताण सारखा.
"न ताणणारी दोरी" म्हणजे जोडलेल्या दोन्ही वस्तूंच्या त्वरणाचे परिमाण सारखे.
"स्थिर वेगाने" म्हणजे त्वरण शून्य, म्हणून निव्वळ बल शून्य.
"विरामावस्थेतून" म्हणजे सुरुवातीचा वेग शून्य.
"नुकतेच घसरू लागते" म्हणजे स्थितिक घर्षण कमाल मर्यादेला पोहोचले.

यातला चौथा शब्द सगळ्यात जास्त फसवतो. क्रेट स्थिर वेगाने ओढले जात असेल, तर ओढणारे बल घर्षणापेक्षा "थोडे जास्त" असावे लागते असे अनेकांना वाटते. तसे नाही. ती दोन्ही अगदी सारखी असतात. जास्त असते तर वेग वाढत गेला असता.

टप्पा २: वस्तू निवडा

कोणत्या वस्तूचा विचार करतोय हे एका ओळीत लिहा: "वस्तू: क्रेट." दोन वस्तू असतील तर दोन स्वतंत्र विचार, दोन स्वतंत्र आकृत्या. ही ओळ वगळली की एका वस्तूवरचे बल दुसरीच्या समीकरणात शिरते आणि नंतर चूक कुठे झाली ते सापडत नाही.

टप्पा ३: मुक्त वस्तू आकृती, म्हणजे एफबीडी

इथे वेळ द्या. एकूण वेळेचा निम्मा भाग या टप्प्यावर गेला तरी तो वाया गेलेला नाही.

वस्तू म्हणून एक ठिपका किंवा छोटा चौकोन काढा. जमीन, दोरी, माणूस, गाडी यांतले काहीही काढू नका. त्या सगळ्यांच्या जागी त्यांनी वस्तूवर लावलेली बले बाणांनी दाखवा. बले शोधायचा क्रम ठरलेला ठेवा:

(अ) वजन. एम (वस्तुमान) गुणिले जी, कायम सरळ खाली. उतार असला तरी खालीच, उताराच्या दिशेने नाही.

(आ) वस्तूला स्पर्श करणारी प्रत्येक गोष्ट. वस्तूभोवती बोट फिरवा आणि कशाकशाचा स्पर्श आहे ते मोजा. पृष्ठभागाचा स्पर्श असेल तर दोन बले संभवतात: पृष्ठभागाला लंब असलेले नॉर्मल बल आणि पृष्ठभागाला समांतर असलेले घर्षण. दोरीचा स्पर्श असेल तर ताण. तो नेहमी वस्तूपासून दूर, दोरीच्या दिशेने, कारण दोरी ओढू शकते, ढकलू शकत नाही. हाताचा किंवा दुसऱ्या वस्तूचा स्पर्श असेल तर त्याचे बल.

सुरुवातीच्या गणितांत वजन सोडले तर स्पर्शाशिवाय बल नाही. स्पर्श मोजून झाले की बले संपली.

तपासा: प्रत्येक बाणावर बोट ठेवून विचारा, "हे बल कोण लावतंय?" पृथ्वी, फरशी, दोरी, हात असे ठोस उत्तर आलेच पाहिजे. ज्या बाणाला उत्तर मिळत नाही तो खोडा.

या एका प्रश्नाने तीन मोठ्या चुका पकडल्या जातात.

पहिली, "एम गुणिले ए" (वस्तुमान गुणिले त्वरण) हे बल म्हणून काढणे. ते कोणीच लावत नाही. ते समीकरणाच्या उजव्या बाजूला येते, आकृतीत नाही.

दुसरी, "गतीचे बल". वर फेकलेला चेंडू वर जात असताना त्याच्यावर वरच्या दिशेने बाण काढायचा मोह होतो. हात सुटल्यावर चेंडूला वर कोण ढकलतंय? कोणी नाही. हवेचा विरोध सोडला तर फक्त वजन, खाली. अगदी माथ्यावर, वेग शून्य असतानाही वजन तेच आणि त्वरणही तेच, १० खाली.

तिसरी, वर्तुळाकार गतीत "अभिकेंद्री बल" असा वेगळा बाण काढणे. सपाट रस्त्यावर वळणाऱ्या दुचाकीला केंद्राकडे ओढणारे बल म्हणजे टायर आणि रस्ता यांच्यातले स्थितिक घर्षण. तेच अभिकेंद्री बलाची भूमिका बजावते. दोन्ही काढले तर एकच बल दोनदा मोजले. ३६ किमी/तास वेगाने २५ मीटर त्रिज्येचे वळण घ्यायचे तर त्वरण, म्हणजे वेगाचा वर्ग भागिले त्रिज्या, १००/२५ = ४ लागते, म्हणून घर्षण गुणांक किमान ०.४ हवा. वस्तुमान दोन्हीकडून जाते, त्यामुळे मागे कोणी बसले की नाही याने हा आकडा बदलत नाही.

सावधान: वजन आणि नॉर्मल बल ही क्रिया-प्रतिक्रियेची जोडी नाही. तिसऱ्या नियमाची जोडी कायम दोन वेगळ्या वस्तूंवर असते. क्रेट फरशीला खाली दाबते आणि फरशी क्रेटला वर ढकलते, ही जोडी. वजन आणि नॉर्मल दोन्ही एकाच क्रेटवर आहेत, आणि ती सारखी असतीलच असे नाही. टप्पा ५ मध्ये ती वेगळी निघणार आहेत.

टप्पा ४: अक्ष आणि चिन्हे

अक्ष त्वरणाच्या दिशेने ठेवा. सपाट फरशीवर आडवा आणि उभा. उतारावर एक अक्ष उताराला समांतर, दुसरा लंब. वर जाणाऱ्या-येणाऱ्या वस्तूला एकच उभा अक्ष पुरतो.

धन दिशा कोणती ते बाण काढून आकृतीतच लिहा आणि गणित संपेपर्यंत बदलू नका. विस्थापन, वेग, त्वरण आणि बल चारही राशींना तोच नियम. चिन्हांची चूक बहुतेकदा इथे होते: बलासाठी वर धन धरले जाते आणि विस्थापनासाठी नकळत खाली.

एक उदाहरण पाहा. २५ मीटर उंच इमारतीच्या गच्चीवरून दगड २० मी/से वेगाने सरळ वर फेकला, तो जमिनीवर कधी पडेल? वर धन धरले तर सुरुवातीचा वेग +२०, त्वरण −१०, आणि जमीन गच्चीच्या खाली असल्याने विस्थापन −२५.

−२५ = २० × वेळ − ५ × वेळ²

सोडवल्यावर वेळ ५ सेकंद (दुसरे उत्तर −१, ते सोडून द्यायचे). वर जाणे आणि खाली येणे असे दोन तुकडे करायची गरजच नाही; चिन्हे बरोबर असली की एकच समीकरण सगळा प्रवास सांभाळते. विस्थापन +२५ भरले तर वर्गमुळात ऋण संख्या येते. असे झाले की बेरीज-वजाबाकी पुन्हा तपासत बसू नका. थेट चिन्हांकडे या.

टप्पा ५: घटक पाडा, दोन समीकरणे लिहा

अक्षाच्या दिशेने नसलेले प्रत्येक बल दोन घटकांत फोडा. कोन ज्या अक्षाशी दिला आहे त्या अक्षावरचा घटक कॉस, दुसरा साइन. "आडवा म्हणजे कॉस" असे पाठ करू नका. कोन उभ्या रेषेशी दिला की हे पाठांतर उलटते.

आता आपले क्रेट. दोरीने १०० न्यूटन बलाने, आडव्याशी ३७° वर कोन करून ओढले.

आडवा घटक: १०० × ०.८ = ८० न्यूटन
उभा घटक: १०० × ०.६ = ६० न्यूटन, वर

लंब दिशेचे समीकरण आधी लिहा. क्रेट फरशी सोडत नाही, म्हणून त्या दिशेत त्वरण शून्य (एन म्हणजे नॉर्मल बल, २०० म्हणजे क्रेटचे वजन):

एन + ६० = २०० म्हणजे एन = १४० न्यूटन

दोरी क्रेटला थोडी उचलून धरते आहे, म्हणून फरशीला कमी भार पेलावा लागतो. "एन म्हणजे एमजी" हे फक्त तेव्हाच खरे, जेव्हा पृष्ठभाग आडवा आहे, उभ्या दिशेत दुसरे बल नाही आणि उभ्या दिशेत त्वरण नाही. तिन्ही अटी हव्यात. सवयीने २०० लिहिले की पुढचे सगळे चुकते: गतिक घर्षण ४२ ऐवजी ६० येते आणि त्वरण १.९ ऐवजी १ मी/से² येते. पर्यायी प्रश्नांत हे चुकीचे १ बहुधा एक पर्याय म्हणून समोर ठेवलेले असते.

म्हणून क्रम असा: आधी लंब दिशेचे समीकरण, त्यातून एन, मग घर्षण, मग गतीच्या दिशेचे समीकरण.

टप्पा ६: घर्षणाचा निर्णय

घर्षण म्हणजे म्यू (घर्षण गुणांक) गुणिले एन, असे सरसकट लिहिणे ही या प्रकरणातली सर्वात महागडी सवय आहे. स्थितिक घर्षणाला ठरावीक किंमत नसते, फक्त कमाल मर्यादा असते. लागेल तेवढे ते येते, मर्यादेपर्यंत. म्हणून दोन पायऱ्या पाळा.

पायरी १: घर्षण नसते तर वस्तूला सरकवणारे बल किती? ते कमाल स्थितिक घर्षणाशी ताडून पाहा.
पायरी २: कमी असेल तर वस्तू सरकत नाही आणि घर्षण त्या बलाएवढेच. जास्त असेल तर वस्तू सरकते आणि घर्षण म्हणजे गतिक गुणांक गुणिले एन.

आपल्या क्रेटसाठी कमाल स्थितिक घर्षण ०.४ × १४० = ५६. ओढणारे बल ८०. क्रेट सरकते. मग गतिक घर्षण ०.३ × १४० = ४२, आणि

८० − ४२ = २० × ए म्हणजे ए = १.९ मी/से²

आता दोरी सोडा आणि तेच १०० न्यूटन, त्याच ३७° कोनात, पण मागून खाली दाबत ढकला. आडवा घटक तोच ८०. उभा घटक आता खाली, म्हणून एन = २०० + ६० = २६०. कमाल स्थितिक घर्षण १०४. ओढल्यावर चटकन निघालेले क्रेट ढकलल्यावर जागचे हलत नाही.

आणि आता घर्षण किती? १०४ नाही. ८० न्यूटन. मर्यादा १०४ आहे, पण गरज ८० चीच आहे. १०४ लिहिले तर निव्वळ बल २४ न्यूटन मागच्या दिशेने येईल आणि पुढे ढकललेले क्रेट मागे येऊ लागेल. असे विचित्र उत्तर आले की समजावे, पायरी १ वगळली गेली.

घर्षणाची दिशा पृष्ठभागांच्या एकमेकांसापेक्ष सरकण्याच्या विरुद्ध असते. ती दरवेळी गतीच्या विरुद्धच असेल असे नाही. एसटीच्या फरशीवर ठेवलेली बॅग बस निघताना बससोबत पुढे जाते, ती घर्षणामुळेच. तिथे घर्षण पुढच्या दिशेने असते.

टप्पा ७: उतार, लिफ्ट, कप्पी

या तीन प्रकारांना वेगळी पद्धत नाही. वरचेच टप्पे, पण प्रत्येकात एक ठरलेला खड्डा आहे.

उतार. वजनाचा उताराला समांतर घटक एमजी साइन थिटा, लंब घटक एमजी कॉस थिटा; थिटा म्हणजे उताराचा कोन. कोणता कुठे याबद्दल शंका आली तर कोन शून्य करून पाहा. सपाट जमिनीवर घसरवणारे बल शून्य व्हायला हवे, आणि साइन ० शून्य असतो. म्हणून समांतर घटक साइनचाच.

कसारा ते इगतपुरी हा थळ घाट याचे जिवंत उदाहरण आहे. तिथला चढ ३७ मध्ये १ आहे, म्हणजे दर ३७ मीटरला १ मीटर उंची. १००० टनांच्या गाडीचे वजन १ कोटी न्यूटन. त्याचा उताराला समांतर घटक १ कोटी भागिले ३७, सुमारे २ लाख ७० हजार न्यूटन. गाडी स्थिर वेगाने वर न्यायची असली तरी एवढे बल लागतेच, रुळांचा आणि हवेचा विरोध त्यावर आणखी. म्हणून कसाऱ्याला मागून बँकर इंजिने, म्हणजे गाडी ढकलणारी जादा इंजिने, जोडतात. इथे चुकून कॉस घेतला तर उत्तर जवळपास पूर्ण १ कोटी येते, म्हणजे गाडी क्रेनने उभी उचलल्यासारखे. दीड अंशाच्या चढाला असे उत्तर येऊच शकत नाही.

लिफ्ट. इथे वेग आणि त्वरण यांच्या दिशांची गल्लत होते. लिफ्ट वर जात असताना वरच्या मजल्याजवळ मंद होते, तेव्हा वेग वर पण त्वरण खाली असते. ५० किलोचा माणूस, २ मी/से² ने मंदावणारी, वर जाणारी लिफ्ट:

एन − ५०० = ५० × (−२) म्हणजे एन = ४०० न्यूटन

पायाखाली वजनकाटा असेल तर तो ४० किलो दाखवेल. लिफ्ट खाली जायला सुरुवात करताना, त्वरण २ असेल तर, काटा हेच दाखवतो. एन ठरते ते त्वरणावर. लिफ्ट कोणीकडे जातेय याच्याशी त्याचा संबंध नाही.

कप्पी. टेबलावर ३ किलोचा ठोकळा, गतिक घर्षण गुणांक ०.२, हलकी दोरी गुळगुळीत कप्पीवरून जाऊन २ किलोचे वजन लटकते. व्यवस्था सरकते आहे. दोन वस्तू, दोन आकृत्या, दोन समीकरणे. ठोकळ्यासाठी कप्पीकडची दिशा धन, लटकत्या वजनासाठी खालची दिशा धन. दोरी एकच असल्याने या दोन दिशा जुळतात. टी म्हणजे दोरीतला ताण.

ठोकळा: टी − ६ = ३ × ए
लटकते वजन: २० − टी = २ × ए

बेरीज करा: १४ = ५ × ए, म्हणून ए = २.८ मी/से² आणि टी = १४.४ न्यूटन. हा टी ठोकळ्याच्या समीकरणात घालून पाहा: १४.४ − ६ = ८.४ आणि ३ × २.८ = ८.४. जुळले.

सावधान: ताण म्हणजे लटकत्या वस्तूचे वजन, असे धरून टी = २० लिहू नका. ताण २० असता तर लटकत्या वजनावरचे निव्वळ बल शून्य झाले असते आणि ते खाली आलेच नसते.

टप्पा ८: त्वरण मिळाल्यावरच गतीची समीकरणे

ही समीकरणे त्वरण स्थिर असतानाच लागू होतात. मध्येच दोरी सुटली, ब्रेक लागला, उतार संपून सपाट रस्ता आला, तर तिथे नवा भाग सुरू करा: नवी आकृती, नवे त्वरण. आधीच्या भागातला शेवटचा वेग हा नव्या भागाचा सुरुवातीचा वेग. दोन भागांवरून एकच समीकरण ओढले की उत्तर चुकणारच.

ब्रेकच्या गणितात आणखी एक काळजी घ्या. मुंबई-आग्रा महामार्गावर ५४ किमी/तास वेगाने जाणाऱ्या बसने ब्रेक लावले, मंदन ३ मी/से². ८ सेकंदांत ती किती अंतर जाईल? थेट सूत्रात भरले तर १५ × ८ − १.५ × ६४ = २४ मीटर. हे चूक आहे. बस १५/३ = ५ सेकंदांतच थांबते आणि पुढचे ३ सेकंद जागेवर उभी असते. सूत्राला हे कळत नाही, ते बसला मागे पळवते. खरे अंतर ३७.५ मीटर. म्हणून मंदनाच्या प्रत्येक गणितात थांबायला लागणारा वेळ आधी काढा, मग दिलेला वेळ त्याच्याशी ताडून पाहा.

टप्पा ९: उत्तर तपासा

उत्तराला एकक आणि दिशा दोन्ही हवेत. नुसते "१.९" हे उत्तर नाही, "१.९ मी/से², ओढण्याच्या दिशेने" हे उत्तर.

मग टोकाच्या किमती टाकून पाहा. कप्पीच्या गणितात लटकते वजन शून्य केले तर हालचाल थांबायला हवी. लटकते वजन खूप मोठे केले तर त्वरण १० च्या जवळ जायला हवे, पण १० ओलांडता कामा नये. त्वरण ऋण आले तर घाबरू नका: सगळी बले स्थिर परिमाणाची असतील तर दिशा उलटी आहे एवढाच त्याचा अर्थ. मात्र घर्षण असेल तर ऋण उत्तर तसेच स्वीकारू नका. दिशा उलटली की घर्षणाचाही बाण उलटतो, म्हणून आकृतीपासून पुन्हा मांडा.

सीईटीत आकृती वगळून वेळ वाचवण्याचा मोह होईल. वगळू नका, लहान काढा. कच्च्या कागदावर एक ठिपका आणि चार बाण काढायला काही सेकंद पुरतात. चुकीचा एन घेऊन केलेला हिशेब मात्र पूर्ण करावा लागतो आणि वर गुणही जातो.

सराव: तेच क्रेट, पाच प्रश्न

गुणांक, वस्तुमान आणि जी वरचेच घ्या. आधी स्वतः सोडवा, आकृतीसह.

१. थांबलेले क्रेट ३७° वर कोन करून ५० न्यूटनने ओढले. घर्षण किती?
२. तेच ५० न्यूटन, पण क्रेट आधीच १.१ मी/से वेगाने ओढण्याच्या दिशेने सरकत असेल तर? किती अंतरावर थांबेल?
३. क्रेट ट्रकला लावलेल्या फळीवर ठेवले. फळीचा घर्षण गुणांक फरशीइतकाच. फळी किती कोनाला तिरकी केली की क्रेट नुकतेच घसरू लागेल?
४. फळी ३७° ला असताना क्रेट सोडून दिले. त्वरण किती?
५. त्याच फळीवर क्रेटला खालून वर ढकलून सोडले. वर सरकत असतानाचे त्वरण किती?

उत्तरे:

१. ४० न्यूटन. एन = १७०, मर्यादा ६८, गरज ४० चीच. क्रेट हलत नाही.

२. सरकत असल्याने गतिक घर्षण ५१. निव्वळ बल ४० − ५१ = −११, त्वरण −०.५५ मी/से². २ सेकंदांत, १.१ मीटरवर थांबेल आणि तिथेच राहील. थांबल्यावर घर्षण ५१ वरून ४० वर येते.

३. ज्या कोनाचा टॅन ०.४ आहे तो, सुमारे २२°. यात वस्तुमान येतच नाही. रिकामे क्रेटही त्याच कोनाला घसरेल.

४. समांतर घटक १२०, एन = १६०, मर्यादा ६४, म्हणून घसरते. गतिक घर्षण ४८, वर. ए = ७२/२० = ३.६ मी/से², उतारावरून खाली.

५. क्रेट वर सरकतेय, म्हणून घर्षण खाली. ए = (१२० + ४८)/२० = ८.४ मी/से², उतारावरून खाली. ४ आणि ५ ची उत्तरे सारखी आली असतील तर घर्षणाचा बाण उलटवायचा राहिला आहे. टप्पा ६ मधला दिशेचा भाग पुन्हा वाचून पाचवे गणित नव्या आकृतीने करा.